डिस्कोभाऊ

मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाइनवर डोळा ठेवण्यात भाऊंची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते मिनिटाला तेहतीस आणि वर थोडे फेरे घेणाऱ्या तबकडीपुढे येऊन बसले. आम्ही कॉलनीवाले हळहळलो. भाऊ म्हणाले, "आता कुठं बराबर स्पीड सापडला."

कोराडीच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७४चा. भाऊ त्यानंतर सात-आठ वर्षांनी शिफ्टला लागले, म्हणजे त्यांची मिशी आणि डिस्को कोराडीत एकाच सुमारास आले. डिस्को पुढं निघून गेला, मिशी पांढरी होऊन थांबली. आता दर रविवारी भाऊ बर्डीला जातात, कबाड्यांच्या ढिगात हात घालतात आणि दुपारी पोतं घेऊन परततात. दारात वहिनी उभ्याच असतात. "बाप्पा! लोकं कबाड विकून राहिले, अन् हे घरात आणून राहिले!"

भाऊंना गाणं आवडतं असा तुमचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. त्यांना दुसऱ्या कोणाला माहीत नसलेलं गाणं आवडतं. मी एकदा भोळेपणानं नाझिया हसनचं 'डिस्को दिवाने' काढलं. १९८१ची रेकॉर्ड, बिद्दूचं संगीत, मला वाटलं भाऊ खूश होतील. भाऊंनी वरणात माशी निघाल्यासारखं तोंड केलं. "चांगलं आहे. पण ते सगळ्यायलेच माहीत आहे ना." बोनी एमचं नाव काढलं तर म्हणाले, "ते बँडवाल्यायचं." एकदा एका तबकडीबद्दल "हे सोल आहे सोल," असं त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, तेव्हा वहिनींनी विचारलं, "मंग चपलेले लावता का?"

त्यांचं दैवत म्हणजे चरणजित सिंग. मीटर रीडिंगवाला असो की दूधवाला, ही कथा ऐकल्याशिवाय त्यांच्या दारातून सुटका नाही. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं जुळवली. त्यांतलं टीबी-३०३ हे खरं तर रियाजाला बसलेल्या गिटारवाल्याला बेसची साथ द्यायला काढलेलं. त्यावर त्यांनी भैरवी, ललित, मेघ मल्हार, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. एचएमव्हीनं तबकडी काढली, कोणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्राचे कान पिळले आणि अ‍ॅसिड हाऊस जन्माला आलं. मग २०१०मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली आणि जगानं तोंडात बोटं घातली. "आपण पाच वर्षं पुढं होतो, बावा!" भाऊ टेबलावर थाप मारतात. त्या 'आपण'मध्ये ते स्वतःलाही धरतात. भजनी मंडळाच्या बुवांनी एकदा ती भैरवी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "राग शुद्ध आहे. पण चक्कीत अडकून राहिला."

दुसरी कथा रूपा या गायिकेच्या तबकडीची. कॅनडातल्या कॅलगरीत ध्वनिमुद्रित झालेली, आशिष खाँचा सरोद असलेली 'डिस्को जॅझ'. तीही १९८२ची आणि तीही पडलेली. लोक विसरले आणि पुढं इंटरनेटवरच्या अनोळखी पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. २०१९मध्ये ती नव्यानं छापली गेली. ही कथा कळल्यापासून भाऊंना शांतता नाही. कॉलनीतल्या प्रत्येक माळ्यावर एक रूपा पडली आहे, अशी त्यांची खात्री झाली. दिवाळीच्या साफसफाईला ते न बोलावता स्टूल घेऊन येतात. आमच्या माळ्यावर त्यांना सत्यनारायणाची पोथी आणि माझी दहावीची नापास मार्कशीट सापडली. दुसरी गोष्ट त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली.

याचा त्रास शेवटी त्यांनाच झाला. तबकड्यांची महती त्यांनी इतक्या जणांना सांगितली की कबाडीही शहाणे झाले. पूर्वी किलोवर देणारा माणूस आता मोबाइल पुढं करून म्हणतो, "ऑनलाइन भाव पहा भाऊ, मंग बोला."

कोराडीत तबकडी सांभाळणं सोपं नाही. वाऱ्याबरोबर राख येते, तिच्यामुळं प्रत्येक गाण्याला खरखर. भाऊ तिला "आपला लोकल इफेक्ट" म्हणतात. मे महिन्यात एक तबकडी स्कूटरच्या डिकीत राहिली, तिची वाटी झाली. वहिनी त्यात लसूण ठेवतात. गाणं ढिलं वाटलं तर भाऊ गायिकेला कधीच दोष देत नाहीत. "सूर नाही पडला. ग्रिडची फ्रिक्वेन्सी पडली."

यंदा कोजागिरीला त्यांनी आम्हाला गच्चीवर बोलावलं. एका जुन्या मंडपवाल्याकडून त्यांना बिनकव्हरची तबकडी मिळाली होती, लेबल पार घासलेलं. गाणारी कोण, साल कोणतं, भाषा कोणती, भाऊंनाही पत्ता नाही. मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. खालून वायर ओढली, दूध आटत होतं, आणि सुई टेकली. खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला. ठेका असा की बुवांचा गुडघा हलायला लागला.

तेवढ्यात लाइट गेली. तबकडी मंदावली, बाईचा आवाज जड होत होत बाप्याचा झाला, मग रेड्याचा, आणि थांबला. तळ्यापलीकडं चिमण्यांवरचे लाल दिवे मात्र मजेत लुकलुकत होते. भाऊंनी एकदा तिकडं पाहिलं. मग खाली बसले, तबकडीच्या कडेला बोट लावलं आणि हातानं फिरवायला लागले.

स्पीकर मेलेला. पण सुईच्या टोकापाशी डासाच्या गुणगुणण्याएवढा आवाज होता. आधी मी कान नेला, मग बुवांनी. जागेवरून थोडी चेंगराचेंगरी झाली. शेवटी वहिनी दुधाचं पातेलं खाली ठेवून आमच्यात घुसल्या, कान तबकडीला लावला आणि भाऊंच्या हातावर चापट मारली.

"हळू फिरवा ना जरा. बाई पळून राहिली."