पूर्व कोणत्या हाताला?

मुख्याध्यापकांच्या कचेरीतील काचेच्या कपाटात, कुलुपाच्या बंदोबस्तात, विद्यार्थ्यांच्या हाताला कदापि न लागणारी आणि वरिष्ठांच्या नजरेतून कदापि न सुटणारी जी वस्तू असते, ती म्हणजे पृथ्वीचा गोल. आमच्या शाळेतील गोल एक फूट व्यासाचा होता. त्याचा आस शास्त्राप्रमाणे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे शाळेच्या शिपायास त्यात उघडउघड बेशिस्त दिसे, आणि झाडलोट करताना तो पृथ्वीस सरळ उभी करण्याचा नित्य यत्न करी. त्याला यश येऊन ऋतुचक्रच थांबले तर उन्हाळ्याच्या सुटीचे काय होणार, या चिंतेने आम्ही व्याकूळ असू. दक्षिण ध्रुवावर, जेथे पोहोचण्यास मानवजातीला 1911 सालापर्यंत तिष्ठावे लागले, तेथे कारखानदाराने बिनदिक्कत एक पितळी नट आवळून ठेवला होता. मुंबई आणि पुणे यांच्यात अष्टमांश इंचाचेच अंतर असल्याने गुरुजींचे बोट पुण्यावर टेकताच मुंबई, बोरघाट आणि अरबी समुद्राचाही काही भाग अदृश्य होई. याच मापाने चंद्र दाखवावयाचा तर सव्वातीन इंची चेंडू घेऊन तीस फूट दूर उभे राहावे लागते. परंतु तीस फुटांवर शिक्षकांची विश्रांतीची खोली होती व तेथे विद्यार्थ्यांस मज्जाव होता, सबब आमची पृथ्वी अखेरपर्यंत उपग्रहाविनाच फिरली.

खरा बखेडा मात्र आकाशाच्या नकाशाने माजवला. कृत्तिका, मृग, व्याध अशी सगळी मंडळी त्यात आपापल्या जागी होती. परंतु उत्तर माथ्यावर असताना पूर्व उजव्या हातास असावी, हा महसूलखात्यापासून शिक्षणखात्यापर्यंत सर्वमान्य असलेला शिरस्ता धाब्यावर बसवून ती खुशाल डावीकडे जाऊन बसली होती. तपासणीस आलेल्या डिपुटीसाहेबांच्या तीक्ष्ण दृष्टीस हा गुन्हा तत्काळ सापडला. शास्त्राच्या गुरुजींनी अदबीने खुलासा केला की, साहेब, जमीन आपण वरून पाहतो आणि आकाश खालून. हा नकाशा भिंतीवर टांगून नव्हे, तर उत्तरेकडे डोके करून उताणे पडून, डोळ्यांवर धरून पाहावयाचा, म्हणजे पूर्व आपोआप डाव्या हातास येते. एवढ्यावर न थांबता, धोतर-कोटासह ते फरशीवर प्रत्यक्ष आडवेही झाले.

"उत्तरेकडे डोके करून निजणे निषिद्ध आहे," डिपुटीसाहेब गंभीरपणे म्हणाले, "आणि कामाच्या वेळेत निजणे तर कोणत्याच दिशेला मंजूर नाही."

गुरुजी पेटले. भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या सिद्धांतशिरोमणीतील गोलाध्यायाचा हवाला देऊन त्यांनी फरशीवरूनच बजावले की, गोलाचे ज्ञान नसलेला गणक हा तुपावाचून जेवणासारखा आणि वक्त्यावाचून सभेसारखा होय. आचार्यांचा रोख गणकांवर होता; पण डिपुटीसाहेब नुकतेच मुख्याध्यापकांच्या घरी जेवून आलेले असल्याने, तुपाचा उल्लेख होताच मुख्याध्यापकांचाच चेहरा पडला. तुपाचे भाव त्या वर्षी फारच चढले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तपासणीचा शेरा यथावकाश दप्तरी रुजू झाला: नकाशात पूर्व व पश्चिम या दिशांची अदलाबदल झाली असून, दुरुस्तीकामी तो विक्रेत्याकडे परत धाडावा. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत टळल्याचे कळवले, तेव्हा कारकुनाने शाळेच्या सामानवहीत नोंद केली: "आकाश, नग 1, निकामी."