लिहून देणार, लिहून घेणार

चिरंजीवांनी न्यू जर्सीत घर बघितलं, सौदा ठरवला, बँकेकडून कर्ज मंजूर करून घेतलं आणि मग आम्हाला फोटो दाखवले. मी फोटो बाजूला ठेवून विचारलं, "सर्च घेतलास?"

"ते टायटल कंपनी बघते, बाबा."

"कंपनी कोणाकडून आहे? आपल्याकडून की त्यांच्याकडून?"

तो हसला. कोकणातल्या अठरा गुंठ्यांपायी ज्याने तेवीस वर्षं तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजवले, त्याच्यासमोर जमिनीच्या विषयात असं हसू नये. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी कामावर जाता जाता मला काउंटी क्लार्कच्या कचेरीशी उतरवलं. काउंटीचं नाव लिहीत नाही. मुलाला तिथे राहायचंय.

क्लार्क म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते आधी पुसून टाका. इथला काउंटी क्लार्क लोकांच्या मतांवर निवडून येतो, न्यू जर्सीत पाच वर्षांसाठी. खरेदीखतं-गहाणखतं नोंदवायची, पासपोर्टचे अर्ज घ्यायचे, नोटरींना शपथ द्यायची आणि निवडणुकीच्या मतपत्रिकाही तयार करून घ्यायच्या, हे सगळं त्याच्याकडे. म्हणजे ज्या मतपत्रिकेवर याचं नाव, ती याच्याच कचेरीतून येणार. आमच्या तलाठी भाऊसाहेबांना ही सोय कळली तर ते बदलीसाठी खटपट करणं सोडून देतील.

आत गेलो तर गालिचा. बाहेर झाडाखाली स्टॅम्पवेंडर नाही, झेरॉक्सचं दुकान नाही, "काय काम आहे काका, करून देतो" म्हणत मागे लागणारा एजंट नाही. मला गुदमरल्यासारखं झालं. काउंटरवरच्या बाईंनी हसून "काय मदत करू?" असं विचारलं. हा प्रश्न सरकारी कचेरीत मला आयुष्यात पहिल्यांदाच विचारला गेल्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.

शेवटी घराचा पत्ता पुढे केला आणि म्हटलं, "हे घर कोणाचं आहे, एवढंच सांगा."

"ते आम्हाला माहीत नसतं," बाई म्हणाल्या. तितक्याच हसून.

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. पण नाही. घर कोणाचं हे ही कचेरी सांगत नाही. तिच्याकडे येतात ते कागद. कागद आला, फी भरलेली असली, नोटरीचा शिक्का असला आणि नियमाप्रमाणे वरचं पान जोडलेलं असलं की तो नोंदवायचा, त्यावर तारीख-वेळ टाकायची. कागदातला मजकूर खरा की खोटा हे बघणं त्यांच्या कामात बसत नाही.

माझा चेहरा बघून बाईंनी मला एका संगणकासमोर बसवलं. तिथे दोन याद्या. एकीत विकणाऱ्यांची नावं, दुसरीत घेणाऱ्यांची. मी जवळजवळ ओरडलोच: अहो, हे तर आपले 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'! सातासमुद्रापार नातेवाईक भेटावेत तसं झालं. पद्धत अशी की आज जो विकतोय तो घेणाऱ्यांच्या यादीत शोधायचा, त्याने कोणाकडून घेतलं ते बघायचं, मग त्या माणसाला शोधायचं, आणि असं मागे मागे जायचं. मग उलट फिरून विकणाऱ्यांच्या यादीतून पुढे यायचं, मधल्या कोणी तेच घर आणखी कोणाला लिहून दिलं नाही ना, गहाण टाकलं नाही ना, ते बघत. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च देतात. न्यू जर्सीत साठ. मी डबा घेऊन गेलो होतो, म्हणून निभावलं.

साठ वर्षांवर थांबायचं होतं, पण हात थांबेना. शेजारच्या आळीचं १९२० नंतरच्या दशकातलं एक खरेदीखत उघडलं. त्यात वळणदार इंग्रजीत लिहिलेलं, की या जागेत गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये, घरगडी असल्यास गोष्ट वेगळी. अशा अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४८ साली सांगितलं. पण नोंदवलेला कागद तसाच राहिला. मला त्या लोकांच्या भाबडेपणाची गंमत वाटली. आमच्या सोसायटीत कोणाला फ्लॅट द्यायचा नाही हे सगळ्यांना पाठ आहे, आणि त्याचा एक ओळीचा कागद कुठल्याही कचेरीत सापडणार नाही.

दुपारच्या सुमाराला एक प्रकार सापडला आणि मी डबा बाजूला सारला. त्याचं नाव क्विटक्लेम डीड. आपल्या हक्कसोड पत्राचा लांबचा भाऊ. यात देणारा म्हणतो, या जागेवर माझा काही हक्क असेलच तर तो तुला दिला. आहेच असं मी म्हणत नाही. या न्यायाने मी शनिवारवाडा आजच कोणालाही लिहून देऊ शकतो, आणि एका अक्षरानेही खोटं बोललेलो नसेन.

चेष्टा वाटते ना? न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वर्तमानपत्राने डिसेंबर २००८ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग लाटून दाखवली. सगळी. एक बनावट खरेदीखत केलं, कागदोपत्री एक कंपनी उभी केली आणि तिचं नाव ठेवलं नेलॉट्स. इंग्रजीत उलटीकडून वाचलं तर 'स्टोलन', म्हणजे चोरलेलं. साक्षीदार म्हणून नाव घातलं फे रे या नटीचं. तीच, १९३३ च्या 'किंग काँग' मध्ये त्या माकडाच्या मुठीत अडकलेली. ती वारून चार वर्षं झाली होती. नोटरी म्हणून नाव विली सटनचं. हा अमेरिकेतला नावाजलेला बँक लुटारू, तो १९८० सालीच गेलेला. न्यूयॉर्क शहरात ज्या कचेरीकडे हे काम असतं तिने कागद घेतला आणि नोंदवला. सगळा मामला दीड तासाचा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने इमारत परत केली, हा त्यांचा मोठेपणा. आमच्या गावात सात-बाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं आहेत म्हणून मी इतकी वर्षं उगाच शरमत होतो.

संध्याकाळी हे सगळं चिरंजीवांना सांगितलं. तो म्हणाला, म्हणून तर टायटल इन्शुरन्स असतो. पुढे काय होईल याचा विमा मी आयुष्यभर भरला. हा विमा मागे काय होऊन गेलंय त्याचा, आणि हप्ता एकदाच. १८७६ साली फिलाडेल्फियात ही कंपन्यांची शाखा उगवली. सरकार म्हणतं, आम्ही कागद ठेवतो, मालकीचं तुमचं तुम्ही बघा. मग कंपनी म्हणते, बघतो, पण चुकलंच तर पैसे देऊ. मधल्यामधे घर कोणाचं, हे छातीठोकपणे कोणीच सांगत नाही. नीट बघितलं तर आपलंही तेच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात आपला दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी नव्हे. फरक इतकाच की इथे हे काउंटरवर पहिल्या मिनिटाला सांगतात आणि आपल्याकडे ते कळेपर्यंत खटला दुसऱ्या पिढीत गेलेला असतो.

एक फायदा मात्र मान्य करायला हवा. हे सगळं घरबसल्या कोणालाही बघता येतं. सौ.ने ते दोन दिवसांत आत्मसात केलं. महाराष्ट्र मंडळातल्या कोणाचं घर कितीला पडलं आणि बँकेचा बोजा किती, हे आता ती हळदीकुंकवाला जाण्याआधी बघून जाते. भूतान टूरचे फोटो दाखवणाऱ्या एका वहिनींनी घरावर दुसरं कर्ज काढलंय, हे कळल्यापासून तिला त्यांचे फोटो फार आवडायला लागलेत.

घर झालं. वास्तुशांत झाली. आणि महिन्याभराने मी सहज चिरंजीवांचं नाव यादीत टाकलं, तर घर सापडेना.

आमचं आडनाव सहस्रबुद्धे. इंग्रजीत ते लिहायला दोन डी लागतात, किंवा एक, लिहिणाऱ्याच्या दमावर आहे. आमच्या गावच्या सात-बाऱ्यावर आजोबा 'सहस्त्रबुद्धे' आहेत. त्या जास्तीच्या 'त'साठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली माझा दुरुस्तीचा अर्ज पडून आहे. दरम्यान प्रगती अशी, की तोच 'त' आता पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. तर हा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी घाबरलो नाही. एक डी काढून पाहिला. सापडलं! खरेदीखतावर एक डी. पण मग गहाणखत कुठे? ते दोन डींखाली होतं. यादीच्या हिशेबाने घर एका सहस्रबुद्ध्यांचं आणि कर्ज दुसऱ्याच सहस्रबुद्ध्यांचं.

मी चिरंजीवांना हाक मारली. तीस वर्षं हप्ते फेडणाऱ्या दोन डीवाल्याबद्दल मला खरोखर वाईट वाटत होतं, पण म्हटलं, "असू दे की रे असंच. देवाने दिलंय."

तो तोवर काउंटी क्लार्कच्या कचेरीला फोन लावून बसला होता. पलीकडून तेच हसरं उत्तर आलं: कागदावर जसं येतं तसं आम्ही घेतो, दुरुस्तीचा कागद करून आणा, फी भरा, तोही नोंदवू. त्याने फोन ठेवला.

"बाबा, आपल्यात डी नक्की किती?"

मी पाकीट काढलं. पॅन कार्डावर दोन होते. पासपोर्टवर एक.

"फी पानावर आहे का अक्षरावर ते आधी विचार," मी म्हटलं, "मग ठरवू."