रक्तपिपासूस वऱ्हाडी ऊन

अकोल्याचे आमचे एक स्नेही, ज्यांच्या साध्या शिफारशीसही जुन्या अव्वल कारकुनीमुळे अद्यापि फर्मानाचा वास येतो, त्यांनी नारायण धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी “वाचून तं पाहा बाप्पा, झोप नाई येनार,” अशा जामिनावर आमच्या हवाली केली, आणि ती आम्ही ऐन वैशाखात, अमरावतीस, वाळ्याच्या कूलरसमोर पालथे पडून वाचावयास घेतली. स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ही कथा धारपांनी अशा सफाईने इकडे रुजविली आहे की, परमुलखातले पिशाच आपल्या गावकुसात केव्हा दाखल झाले याचा पत्ता लागत नाही.

अडचण एवढीच की, सूर्यप्रकाशाच्या धाकाने दिवसा दडून राहणे आणि दिवेलागणीनंतरच बाहेर पडणे, हे जे रक्तपिपासूच्या अमानुषत्वाचे लक्षण, तेच मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे धावू लागला म्हणजे, अकोल्याची यच्चयावत प्रजा अकरा ते पाच निष्ठेने पाळीत असल्याने, संशयितांची यादी मतदारयादीएवढी लांबते.

भयाचा अंमल मात्र नाकबूल करता येत नाही. रात्री दीड वाजता वीज गेली, कूलरच्या पंख्याने शेवटची गिरकी घेऊन मान टाकली, आत कोठेतरी एक थेंब टपकला, आणि आम्ही, वय वर्षे बासष्ट, ते पुस्तक उशाखालून काढून तुळशीवृंदावनापाशी ठेवून आलो.

परत करताना “बरी आहे,” एवढाच अभिप्राय दिला.

“रातच्याला वाचली का दिवसा?” स्नेह्यांनी विचारले.

आम्ही विषय संत्र्याच्या फळगळीकडे वळविला.