तबलजी शेजारच्या ब्लॉकमध्ये

माझा जुना लॅपटॉप सुरू होईपर्यंत माझी दाढी होत असे. मग कुठलंसं अपडेट झालं आणि तेवढ्या वेळात आंघोळही होऊ लागली. आमच्या घरची पूजा बायकोकडे आहे, नाहीतर तीही उरकली असती. एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटचं काम अर्धं झालेलं असताना तो जो काळा पडला तो पडलाच. बायको म्हणाली, "सुटला बिचारा." कोण सुटला ते तिने सांगितलं नाही.

माझा धंदा वेबसाइट बनवण्याचा. मिठाईची दुकानं, क्लासेस, मंगल कार्यालयं, अधूनमधून एखादा दातांचा डॉक्टर. रात्री साडेदहानंतर मी पेटी काढतो आणि गाण्यांना चाली लावतो. लावतो म्हणजे लावून झाल्यात, रेकॉर्ड करायच्या राहिल्यात. बरीच वर्षं राहिल्यात. तेव्हा नवा कॉम्प्युटर हवा तो दोन्ही कामांना चालणारा, आणि माइक जोडायचा ऑडिओ इंटरफेस धरून चाळीस हजारांत बसणारा. ही अट ऐकून भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी." इंग्रजी शाळेत गेलेल्या पोराला ही म्हण येते याचंच मला इतकं कौतुक वाटलं, की तिचा अर्थ माझ्या ध्यानात जरा उशिरा आला.

वेबच्या कामाला जागा लागते. मिठाईवाल्याची पाच पानांची साइट, त्यात बाकरवडीचा एक फोटो. पण ती ज्या फोल्डरात शिजते त्यात 'नोड मॉड्यूल्स' नावाचं एक कोठार असतं आणि त्यात हजारो फायली. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने अख्खं वऱ्हाड आणावं, तसं. शिवाय एडिटर उघडा, लोकल सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, आणि ब्राउझरमध्ये 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेले तीस टॅब. आठ जीबी रॅम या पंगतीला पुरत नाही. सोळा हवीच. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी, हे तर मी दाढीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

पण वेबचं एक बरं असतं. तिथे उशीर खपतो. पान उघडायला दोन सेकंद लागली तर मधे एक गोल चक्र फिरत ठेवायचं, लोक त्याकडे बघत बसतात. मी जन्मात कुठेही वेळेवर पोचलेलो नाही. हा धंदा मला मानवला त्याचं कारण हेच असावं.

गाण्यात गोल चक्र नसतं. आवाज कॉम्प्युटरात शिरतो तो तुकड्यातुकड्यांनी, सीडीच्या दर्जाला सेकंदाला 44,100. कॉम्प्युटर ते एकेक करून हाताळत नाही, मूठभर साठले की उचलतो. या मुठीला बफर म्हणतात. मूठ 128 तुकड्यांची असेल तर उशीर होतो तीन मिलिसेकंदांहूनही थोडा कमी. 1024 ची असेल तर तेवीस. तेवीस मिलिसेकंद म्हणजे किती, हे मला कळेना. मग आवाजाच्या वेगाने हिशेब करून पाहिला. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे तेवीस मिलिसेकंदांत आठ मीटर. आमच्या हॉलमध्ये मी पेटीवर बसलोय आणि माझा तबलजी आठ मीटरवर आहे. आमचा हॉल सव्वाचार मीटरचा. म्हणजे तबलजी भिंतीपलीकडे, शेजारच्या ब्लॉकमध्ये, बहुधा त्यांच्या फ्रिजला टेकून बसलाय. आणि हा फक्त जाण्याचा हिशेब; आवाज हेडफोनमध्ये परत यायचा तर पुन्हा तेवढाच. अशा साथीत सम कुठे पडणार?

मूठ लहान केली की प्रोसेसरची धावपळ वाढते. धावता धावता तो दमला की आवाजात चटचट येते, ओल्या फटाक्यांच्या माळेसारखी. इथे रॅम कितीही घाला, उपयोग नाही. प्रोसेसर चपळ हवा आणि त्याला मधे कुणी हाक मारता कामा नये. हाका मारणाऱ्यांत वाय-फायचा नंबर बराच वरचा. म्हणून जाणते लोक सांगतात, रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद ठेवा. वेबवाल्याला वाय-फाय बंद ठेव म्हणणं म्हणजे कोळ्याला होडी वाळूवर ओढून ठेव म्हणण्यासारखं आहे. माझ्यातल्या दोघांचं पहिलं भांडण यावरच झालं.

भाच्याचा सल्ला: "मामा, गेमिंग लॅपटॉप घे." त्याचा त्याने आणून दाखवला. कीबोर्डखाली गणपतीच्या मखरासारखे दिवे. दहा मिनिटांनी पंखे सुरू झाले आणि बायकोने आतून विचारलं, "मिक्सर कोणी लावला?" त्यातल्या महागड्या ग्राफिक्स कार्डाचा माझ्या पेटीला काडीचा उपयोग नव्हता, आणि पंख्यांचा आवाज माइकला माझ्या आवाजापेक्षा जास्त आवडला असता.

मॅक मिनीने मात्र माझी झोप उडवली. 2024 च्या शेवटी आलेला एम-फोरवाला, हातात मावणारा, जवळजवळ मुका. सोळा जीबी रॅम आणि तेव्हा किंमत 59,900. रेकॉर्डिंगचं गॅरेजबँड त्यात फुकट. पण सोबत ना पडदा, ना कीबोर्ड, ना माऊस. मुलीकडच्यांनी नारळ आणि मुलगी द्यावी, तसं. रॅम पुढे कधी वाढवता येत नाही, आणि 256 जीबी जागेत वाद्यांच्या आवाजांची लायब्ररी ठेवायची म्हणजे वन रूम किचनमध्ये ऑर्केस्ट्रा. माझ्याकडे साठ हजार असते तर हे सगळे दोष मी पोटात घातले असते, हेही सांगून टाकतो.

शेवटी पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, एका जिन्याखालच्या दुकानात पोचलो. "सेकंडहँड?" मी विचारलं. "रिफर्बिश्ड," मालक दुखावले. विंडोज 10 ला नेहमीचं अपडेट मिळणं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं, आणि इंटेलवाल्यांपैकी साधारण आठव्या पिढीच्या आधीचे विंडोज 11 च्या दारातच अडले. तेव्हापासून असल्या दुकानांत सातवीपर्यंतचे आणि आठवी पास असे सरळ दोन ढीग झालेत. मालकांनी आठवीतला एक थिंकपॅड टी 480 काढला. चार कोअर, रॅमला दोन खाचा, त्यातली एक रिकामी.

"हापिसातलं मॉडेल आहे साहेब. वापर एकदम जपून."

मी कीबोर्ड पाहिला. सगळी अक्षरं टवटवीत होती. फक्त कंट्रोल, सी आणि व्ही एवढीच पुसट झाली होती. आधीचा मालक माझाच जातभाई, कोड लिहिणारा. मला गहिवरून आलं. बावीस हजारांत घेतला, रिकाम्या खाचेत आठ जीबी रॅम बसवून घेतली, आणि उरलेल्यात इंटरफेस.

विंडोजच्या पोटात लिनक्स घालून वेबवाल्याची सोय केली. संगीतवाल्यासाठी रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणलं. ज्याने एकेकाळी विनॅम्प केलं त्या जस्टिन फ्रँकेलचं हे काम. साठ दिवस फुकट वापरा, मग घरगुती परवाना साठ डॉलरला. साठ दिवसांनंतरही ते बंद पडत नाही. उघडताना फक्त किती दिवस झाले ते सांगतं. आमच्या लहानपणचा वाणी वहीत असाच आकडा दाखवायचा, तोंडाने काही म्हणायचा नाही. एकसष्टाव्या दिवशी मी पैसे भरले.

मधे एकदा वाचलं, की 1985 च्या अटारी 520 एसटी कॉम्प्युटरात मिडीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायची, सोय अंगातच होती आणि मेमरी 512 केबी. त्यावर लोकांनी मुबलक संगीत केलं. माझ्या आजच्या ब्राउझरचा एक टॅब त्याहून जास्त खातो, आणि त्यात बहुधा 'कोणता लॅपटॉप घ्यावा' हेच उघडलेलं असतं.

गेल्या रविवारी दुपारी रेकॉर्डिंगला बसलो. बफर 128. वाय-फाय बंद. फोन बंद. खिडक्या बंद, आणि माइकसाठी छताचा पंखाही बंद. एप्रिलातलं पुणं. बायकोने कुकर तासभर पुढे ढकलला. घामाने पेटीच्या पट्ट्यांवरून बोटं घसरत होती, पण तबलजी इथेच, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. तिसऱ्या प्रयत्नात एक अख्खं कडवं उतरलं.

पंखा लावला, वाय-फाय लावलं. मंगल कार्यालयाच्या मालकांचे अकरा मेसेज एकदम आले. शेवटचा होता, "सर, आपलं पान उघडायला फारच उशीर लागतोय."

"बघतो," असं लिहिलं, आणि कडवं पुन्हा पहिल्यापासून लावलं.