ट्रकचं टॉनिक

आमच्या चांदूर बाजार तालुक्यात टॉनिकशिवाय काहीच वाढत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराला टॉनिक, कपाशीला पाती लागली की टॉनिक, म्हैस आटली की टॉनिक, पोट्टं दहावीत गेलं की टॉनिक. कृषी केंद्रात युरियाचं पोतं आणायला गेलेला माणूस एक पोतं आणि दोन बाटल्या घेऊन घरी येतो. पोतं त्याला हवं असतं, बाटल्या दुकानदाराला नको असतात. या व्यवहाराला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. शेवटी सरकारनेच २०२१ साली अशा बाटल्यांना ‘जैव उत्तेजक’ असं भारदस्त नाव देऊन खत नियंत्रण आदेशात ओढलं. बाटलीत नेमकं काय आहे ते निदान कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढीच माफक अपेक्षा. अशा मुलखात ट्रक तेवढा बिनटॉनिकचा कसा राहील?

माझ्या साळ्याचा दहाचाकी ट्रक आहे. बीएस-६, निळ्या झाकणाची वेगळी टाकी असलेला. हंगामात तो संत्र्याचे कॅरेट भरून बाहेर पडतो. पूर्वी चांदूर बाजार, मोर्शी, वरूडचा माल बांगलादेशाच्या सीमेपर्यंत धडाक्यात जायचा. मग तिकडच्या सरकारने आयात शुल्क वर्षागणिक चढवत नेलं आणि आमच्या संत्र्याचा तो रस्ता आंबट झाला. आता दिल्ली, केरळ, जिथे भाडं मिळेल तिथे. भाडं वाढत नाही, टोल कमी होत नाही, ड्रायव्हर दिवाळीला उचल मागतोच. मालकाच्या हातात उरतं ते एकच: अ‍ॅव्हरेज. दोन ट्रकमालक भेटले की बायकोपोरांची खुशाली नंतर, आधी “काय अ‍ॅव्हरेज देते?” त्यातही प्रत्येक जण अर्धा किलोमीटर वाढवून सांगतो, आणि दुसऱ्याने वाढवून सांगितलेलं ऐकून रात्रभर तळमळतो. बाटलीवाल्यांचा धंदा या तळमळीवर चालतो.

ती बाटली मी नीट पाहिली आहे. वर धावता चित्ता, खाली ‘जर्मन टेक्नॉलॉजी’, आणि मागे आश्वासनांची यादी: अ‍ॅव्हरेज वाढेल, धूर जाईल, पिकअप येईल, नोझल साफ होईल, इंजिनाचं आयुष्य दुप्पट होईल. फक्त मुलीचं लग्न जमेल एवढं लिहायचं राहिलं होतं. किंमत सहाशे रुपये, एका टाकीला एक बाटली.

“भाऊजी, दहा टक्के फरक पडते म्हंते,” साळा म्हणाला.

मी म्हटलं, “बस, हिशेब करू.”

टाकी तीनशे लिटरची. भरल्या गाडीला लिटरमागे चार किलोमीटर धरा, म्हणजे बाराशे किलोमीटरचा पल्ला. दहा टक्के खरंच वाचले तर तीस लिटर वाचले. डिझेल नव्वदीच्या पुढे, म्हणजे सत्तावीसशे रुपये. सहाशे घालून सत्तावीसशे मिळत असतील तर मीही लेखन सोडून बाटल्या विकीन. पण फरक दोनच टक्के पडला तर सहा लिटर वाचले, साडेपाचशे रुपये, म्हणजे पन्नास खिशातून गेले. आणि दोन टक्के मोजायचे कसे? पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरताना फेस आला, गाडी जराशी कलती उभी असली, पंपावरच्या पोऱ्याला घाई असली, की चार-पाच लिटरचा फरक तिथेच पडतो. जाताना भरलेले कॅरेट, येताना अर्धा रिकामा हौदा. आज समोरून वारा, उद्या मागून. साळ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमचा हिशेब बराबर आहे भाऊजी, पन तो चित्ता पाह्यला काय?”

बाटलीवाले एक गोष्ट सांगत नाहीत. पंपावर मिळणारं डिझेल मुळातच टॉनिक घातलेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधक दहा लाखांत फक्त दहा भाग. बीएस-४ मध्ये ते पन्नास होतं, त्याआधीच्या बीएस-३ मध्ये साडेतीनशे. गंधक काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा ओशटपणाही निघून जातो. पंप आणि नोझल तर डिझेलच्याच ओशटपणावर चालतात, त्यांना वेगळं ऑइल कुणी घालत नाही. म्हणून कंपनी तो ओशटपणा परत आणणारं द्रव्य स्वतःच मिसळते आणि मानकात बसेल इतकी झीज होते की नाही ते प्रयोगशाळेत तपासते. पेट घेण्याची तत्परता मोजणारा सीटेन अंकही किमान ५१ लागतो. म्हणजे जे काम करायला आपण सहाशेची बाटली आणतो, त्यातलं बरंचसं लिटरच्या भावात आधीच वसूल झालेलं असतं.

इंजिन ऑइलची कथा याहून गमतीची. सीआय-४ प्लस किंवा सीके-४ लिहिलेला डबा आपण ‘ऑइल’ म्हणून घेतो. त्यातला पाचवा-सहावा हिस्सा तरी मिसळलेली द्रव्यं असतात. कुणी काजळी धुतं, कुणी ती तळाला बसू न देता तरंगती ठेवतं, कुणी झीज थांबवतं, कुणी उन्हाळ्यात ऑइल पातळ होऊ देत नाही. या मंडळींचं प्रमाण महिनोन्महिने इंजिनं चालवून ठरवलेलं असतं. त्यात आपण वरून एक बाटली ओतली की प्रमाण बिघडलं. शिवाय बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ऑइलमध्ये राख करणारी द्रव्यं वाढली की ती राख जाऊन गाळणीत बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही, ती आधीच जळून आलेली असते.

हे सगळं मी साळ्याला सांगितलं तेव्हा त्याने जांभई दिली. विज्ञानाने हरलेला डाव मग परतवाडा रोडवरच्या आमच्या मिस्त्रीने जिंकून दिला. निदान थोडा वेळ.

झालं असं, की इंजिन ऑइलचं टॉनिक विकणारा एक टायवाला पोरगा गॅरेजात आला. सोबत एक यंत्र. छोटी मोटर, तिच्या दांड्यावर फिरणारं लोखंडी कडं, कड्यावर टेकलेला बेअरिंगचा बोटभर तुकडा आणि तो दाबायला हातभर लांब दांडी. खाली वाटीत साधं ऑइल. पोराने दांडी दाबली. कर्रर्र करून कडं थांबलं, बेअरिंगवर खोल चरा. मग त्याने टोपणभर सोनेरी द्रव्य वाटीत टाकलं, दांडी दाबली, तिला लोंबकळला, तरी कडं फिरतच राहिलं. जमलेले ड्रायव्हर, क्लीनर, शेजारचा पंक्चरवाला, सगळे खल्लास. साळ्याचा हात खिशाकडे गेला.

मिस्त्रीने बिडी विझवली आणि हाताखालच्या पोराला किराणा दुकानात पाठवलं. पोरगं शाम्पूची एक रुपयाची पुडी घेऊन आलं. मिस्त्रीने कडं पुसलं, वाटी पुसली, बेअरिंगची नवी बाजू फिरवून लावली आणि वाटीत शाम्पू ओतला.

“आता दाब रे बाप्पा.”

पोराने दाबलं. कडं फिरत राहिलं. तो लोंबकळला. कडं फिरत राहिलं, फेस तेवढा उडाला.

“मंग आता इंजनात शाम्पू टाकू का?” मिस्त्रीने विचारलं.

“काका, दोन्हीत फरक आहे.”

“हाव न. एक रुपयाचा अन् सहाशेचा.”

या यंत्राची मेख अशी, की त्यात एका बारीक रेघेवर सगळा दाब येतो आणि धातू धातूला सरळ घासतो. चालत्या इंजिनाच्या क्रँकच्या बेअरिंगमध्ये असं होत नाही. तिथे दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. बरीच सोनेरी द्रव्यं क्लोरीनयुक्त पॅराफिनची असतात. घासून तापलेल्या धातूवर त्यांचा थर चढतो म्हणून यंत्रात ती शेर. इंजिनाच्या आत तापून त्यांचं आम्ल होऊ लागलं की मात्र बेअरिंगलाच खातात. परीक्षा पोहण्याची आणि निकाल कुस्तीचा, असला हा प्रकार.

आपण खेड्यातले म्हणून फसतो असं कुणी समजू नये. अमेरिकेत ‘स्लिक ५०’ नावाचं इंजिन टॉनिक टेफ्लॉनच्या जोरावर बेसुमार खपलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातीतल्या दाव्यांना पुरावा नाही म्हणून कंपनीला धरलं आणि १९९७ साली तडजोडीत तसे दावे बंद करायला लावले. इंधन वाचवणाऱ्या शंभरावर वस्तू तिथल्या पर्यावरण संस्थेने तपासल्या. डोळ्यांत भरेल असा फरक एकीनेही दाखवला नाही. आणि आपल्याकडे तर १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लैने झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखवलं होतं! अख्खा देश भारावला होता, मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा वाकून पाहून आले होते. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. वीस वर्षं लागली. शाम्पूच्या पुडीने ते काम लवकर झालं असतं.

तरीही साळ्याने बाटली घेतलीच. ऑइलची नाही, चित्त्याची, डिझेलची. “एक डाव पाहू तं द्या,” म्हणाला. माणूस हरतो तो त्या ‘एक डाव’ला.

आणि काय सांगू, अ‍ॅव्हरेज वाढलं! साळा वही घेऊन घरी आला. माझं तोंड पाहायलाच आला असावा. मी ड्रायव्हरला चहाला बोलावलं आणि विचारलं, गाडी कशी चालवली?

“मालक म्हने महागाचं औषिद टाकलं हाये, अ‍ॅव्हरेज पाह्यचं हाये. मंग म्या आरामात चालवली. धाब्यावर गाडी चालू ठेवली नाई. कोनाच्या मांगं लागलो नाई. हवा पन चेक केल्ती.”

हे घ्या. एरवी हा गृहस्थ जेवण होईपर्यंत इंजिन गुरगुरत ठेवतो, कारण बंद केलं तर त्याला करमत नाही. पुढची गाडी दिसली की तिला मागे टाकल्याशिवाय जेवण पचत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पण महागाचं औषध पोटात आहे म्हटल्यावर तो गाडी आजारी माणसासारखी जपून नेतो. औषध टाकीत पडलं आणि गुण आला ड्रायव्हरच्या उजव्या पायाला. पुढच्या फेरीला ड्रायव्हर बदलला. त्याला औषधाचं कुणी सांगितलं नव्हतं. बाटली पडली, अ‍ॅव्हरेज जिथल्या तिथे. साळ्याने त्या फेरीचं पान वहीतून फाडलं. शास्त्रज्ञ होण्याची त्याची शक्यता तिथेच संपली, मात्र विक्रेता म्हणून तो उत्तम आहे.

टॉनिकवाले सगळेच लबाड, असंही मी म्हणणार नाही. नोझलवर चढलेली कीट धुणारी चांगली द्रव्यं असतात. आताच्या गाड्यांत दीड-दोन हजार बारच्या दाबाने डिझेल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असलेल्या भोकातून फवारलं जातं. तिथे कीट बसली की खर्च पाच आकडी. टाकीत पाणी साचून त्यात जंतूंचा गाळ झाला तर तो मारायलाही औषध लागतं. पण त्याआधी फिल्टरखालची चकती फिरवून पाणी काढून टाकायला काहीच लागत नाही, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. लडाखच्या थंडीत डिझेल गोठतं. तिथे खरंच उपाय हवा होता, तेव्हा इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेलच बाजारात आणलं. आमच्याकडे बहिरमच्या यात्रेत कडाक्याची थंडी पडते, रोडगे आणि हंडीतलं मटण खाऊन लोक शेकोटीला बसतात, पण डिझेल गोठल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तरी थंडीचं टॉनिक इथेही खपतं.

आणि एक टॉनिक मात्र बीएस-६ ट्रकला लागतंच: निळ्या झाकणाच्या टाकीतलं युरियाचं पाणी, साडेबत्तीस टक्क्यांचं. ते डिझेलमध्ये जात नाही. सायलेन्सरमधल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडवर फवारलं जातं. आता युरिया म्हटल्यावर वऱ्हाडी माणसाचं डोकं कुठे जाणार? कपाशीच्या पोत्याकडेच. एकाने बादलीत शेताचा युरिया विरघळवून टाकी भरली. शेताचा युरिया २०१५ पासून निंबोळीचं तेल लावलेला येतो. पराटीला तो मानवतो, ट्रकला नाही. गाडी डॅशबोर्डवर लाल दिवा लावून बसली आणि त्याला डब्यातल्या पाण्याच्या कित्येक वर्षांचे पैसे एकदम मोजावे लागले.

मिस्त्रीचं मत विचाराल तर त्याने ते एका वाक्यात दिलं आहे: “ज्या गाडीले औषिद लागते तिचं नोझल खराब हाये, अन् जिचं नोझल चांगलं तिले औषिद लागत नाई.”

माझंही तेच. बाटलीचे सहाशे रुपये वाचवून एअर फिल्टर वेळेवर बदला, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल घाला, फिल्टरमधलं पाणी काढा. तेवढ्यानेही समाधान होत नसेल आणि गाडीत काहीतरी ओतल्याशिवाय झोपच येत नसेल, तर टायरमध्ये हवा भरा. ती पंपावर फुकट मिळते.