आमच्यावर पाळत का ठेवत नाही?

मोबाइलची फुकट ॲपं बनवणाऱ्या समस्त ओपन सोर्स मंडळींस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने माझ्या फोनमध्ये तुमची ॲपं घालून दिली आणि तेव्हापासून मला कुणी विचारेनासं झालं आहे. पूर्वी गुडघ्याला लावायचं तेल एकदा शोधलं की पुढे महिनाभर कंपन्या विचारपूस करायच्या. सख्खे नातेवाईक करत नाहीत हो एवढी! तुमचा कॅल्क्युलेटर बेरीज करतो आणि गप्प बसतो. मी राहतो कुठे, माझे संपर्क कोण, कशाचीही चौकशी नाही. याला काय माणुसकी म्हणायची?

जरा इतरांकडून शिका. ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं विजेरीचं एक ॲप होतं. उजेड पाडता पाडता ते माणसाचा ठावठिकाणा आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांना कळवायचं. अटी मान्य आहेत की नाहीत, हे तुम्ही सांगण्याआधीच त्याचं काम सुरू झालेलं असायचं. केवढी ही तत्परता! पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ती बघवली नाही. २०१३ साली कारवाई केली.

आणि तुमचं ते एफ-ड्रॉइड! २०१० पासून ॲपं वाटताय आणि एखाद्यात जाहिरात किंवा माग काढणारं काही आढळलं, की त्याच्या पानावर ‘अँटी-फीचर’ म्हणून लिहून मोकळे होता. स्वतःच्या मालातली खोट स्वतःच पाटीवर लिहिणारा दुकानदार आमच्या लक्ष्मी रोडवर एक दिवस टिकायचा नाही.

नकाशाचं तर विचारूच नका. भाच्याने ऑरगॅनिक मॅप्स दिलं. घरच्या वायफायवर अख्खा महाराष्ट्र उतरवून घेतला आणि ताम्हिणीत रेंज गेल्यावरही बाण आपला सरकतोच आहे. मात्र कात्रजला कोंडी झाली आहे हे त्या बाणाला कळत नाही. का, तर हे ॲप कुणाचाच ठावठिकाणा गोळा करत नाही आणि हजारो गाड्या कुठे खोळंबल्या आहेत हे कुणीतरी टिपल्याशिवाय कोंडी कळत नाही. ही तक्रार मात्र खरी आहे, तिची थट्टा समजू नका. कात्रजला अडकलेल्या माणसाला तत्त्व सांगून उपयोग नसतो. पुढे आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी सापडेना. भाचा म्हणाला, “मग तुम्हीच टाका ना, मामा.” म्हणे हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, इंग्लंडात २००४ साली सुरू झालेला, आणि जगभरची माणसं तो फुकट भरतात. मी खातं उघडून गिरणी टाकली, वर तिची वेळही लिहिली. म्हणजे गिऱ्हाइकानेच राबायचं! (गिरणीवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, “सोमवारी बंद असते, ते राहिलं.” तेही टाकलं.)

व्हिडिओ दाखवणाऱ्या तुमच्या व्हीएलसीबद्दल लिहायचं राहत होतं. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला उद्योग, निशाणी रस्त्यावरचा केशरी शंकू, आणि जाहिरात औषधालाही नाही. आमच्या देशाने २०२२ साली तुमचं संकेतस्थळ कित्येक महिने बंद ठेवलं, ते नोव्हेंबरात पुन्हा उघडलं. तेवढ्या दिवसांत तरी शहाणे होऊन एखादी जाहिरात घालाल असं वाटलं होतं.

विकलं जाणंसुद्धा तुम्हाला धड जमत नाही. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ची साधीसुधी ॲपं २०२३ च्या अखेरीस एका कंपनीने विकत घेतली. आता सुधारणा होणार म्हणून आम्ही वाट पाहतोय, तोवर परवान्यानुसार सगळ्यांनाच खुला असलेला जुना कोड उचलून काहींनी ‘फॉसिफाय’ या नावाने तीच ॲपं पुन्हा मांडली. गॅलरी पुन्हा मुकाट्याने फोटो दाखवू लागली.

निरोप धाडायच्या ‘सिग्नल’ ॲपवाल्यांनी तर कमाल केली. २०१६ साली अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने वापरकर्त्याची माहिती मागितली, तर यांच्याकडे द्यायला काय, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं! २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गदारोळ उठला तेव्हा आमची सोसायटी वाजतगाजत सिग्नलवर आली होती. पण सेक्रेटरी टाकी धुण्याची सूचना जुन्याच ग्रुपवर टाकत राहिले. पाण्याविना तत्त्व किती दिवस पाळणार? सगळे परतले. आता व्हॉट्सॲपवरच्या संदेशांना जे कुलूप असतं तेही मुळात सिग्नलच्याच घडणीचं आहे, हे सोसायटीत सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील.

दूधवाल्याला पैसे द्यायला यूपीआयचं ॲप एफ-ड्रॉइडवर काही मिळालं नाही. तेव्हा आपलं नातं अर्धंमुर्धंच राहणार, हे दोघांनीही मान्य करून टाकू.

शेवटी एक विनंती. तुमची देणगीची सोय सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’च्या खाली कुठेतरी लाजून बसलेली असते. ती पहिल्याच पडद्यावर आणा, लाल करा, लुकलुकती ठेवा, दर आठवड्याला निर्लज्जपणे मागा. आम्हाला त्याशिवाय खिशात हात घालायची सवय नाही आणि तुमचे सर्व्हर काही आमच्या आशीर्वादावर चालत नाहीत.

आपला,
पाळतीविना पोरका झालेला एक वापरकर्ता