वाकळकाकू

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ, पानटपरी आणि वाकळकाकू या चार गोष्टी सापडणारच. पहिल्या तिन्ही अधूनमधून बंद असतात, वाकळकाकू कधीच नसतात. दुपारची जेवणं उरकून गाव आडवं झालं की यांच्या पडवीत एक जुनं लुगडं पसरलेलं दिसतं. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, किलोचं वजन आणि नातवाचं दप्तर ठेवून ते ताणलेलं असतं. मधोमध बसून काकू वाकळेसाठी, म्हणजे गोधडीसाठी, चिंध्या मांडत असतात. जाणाऱ्यानं ‘काय करलालाव काकू?’ असं विचारायची रीत आहे. ‘काय न्हाई, उगं पसारा आवरलालेय,’ असं सांगायची त्यांची रीत आहे.

घरातल्यांच्या मते पसारा सुरू होतो तो इथूनच.

काकूंना माणसं कपड्यांवरून ओळखू येतात, पण चार लोकांना येतात तशी नव्हे. लग्नात सगळ्या बायका नवरीकडे बघतात, काकू मांडवाच्या कापडाकडे. ‘पोरगी कशी वाटली?’ म्हणून विचारलं तर सांगतात, ‘पोरगी बरी हाय. पर तिच्या आजीचं लुगडं बघितलंस का? निव्वळ सुती. आता मिळत न्हाई तसलं.’ आजी नव्वदीच्या, लुगडं त्यांच्या अंगावर, पण काकूंनी मनातल्या मनात ते वाकळेच्या वरच्या बाजूला लावूनही टाकलेलं असतं. कुणी मोटारसायकलवरून पडलं, शर्ट फाटला, तर गल्ली विचारते, ‘लागलं का?’ काकूही विचारतात. आणि मग जरा थांबून, ‘पाठ शाबूत हाय का? शर्टाची म्हणते मी.’

कापडाच्या बाबतीत काकू दयामाया ठेवत नाहीत. सुती आणि बिगरसुती अशा दोनच जाती त्या मानतात. बोहारणीनं, शिंप्यानं, खुद्द सख्ख्या बहिणीनं शपथेवर सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही. त्या कडेचा एक दोरा ओढतात, चुलीपाशी नेतात आणि जाळाला लावतात. भुरभुरून राख झाली, कागद जळाल्यासारखा वास आला, की कापड पास. आकसून काळी गोळी झाली की नापास. नापास कापडाची रवानगी पायपुसण्यात. ‘त्याच्यातनं सुई सरकती, घाम प्यायचं नाव न्हाई, आन् थंडीत अंगाला चिकटतंय,’ हे त्यांचं निकालपत्र. दर दिवाळीला सून कौतुकानं आणते ती चकचकीत साडी काकू आनंदानं नेसतात, आणि रात्री हळूच तिच्या पदराचा एक दोरा चुलीपाशी जातो.

वाकळ शिवायची म्हणजे खाली एक लुगडं, वर एक लुगडं आणि मधे जे काही असेल ते. टाका कडेनं निघतो आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर जाऊन थांबतो. काकूंची सुई जाडजूड, अंगठ्याच्या पेराला घट्टा पडलेला. ओवणं हे नातवाचं काम. शाळेला जाण्याआधी त्यानं सुयांमध्ये दोरे ओवून त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ओळीनं टोचून ठेवायच्या. त्यामुळे या घरात संकष्टी कधी आहे ते वाचता येत नाही, सुई कुठं आहे ते मात्र कळतं.

पण खरी गंमत ‘मधे जे काही असेल’ त्यात आहे. जुन्या गोधडीत आठवणी शिवलेल्या असतात, आजीची माया असते, असं दिवाळी अंकांमधून वाचायला मिळतं. काकूंच्या वाकळेत माया असेलही, पण हिशोब जास्त आहे. एकेका तुकड्यावर बोट ठेवून त्या सांगतात, ‘हे नणंदेनं दिलेलं. पहिल्याच धुण्यात रंग सोडला. हे व्याह्यांकडचं. आपण भरजरी दिलं आन् त्यांनी हे टेकवलं.’ लग्नाच्या आहेरात ब्लाऊजपीस नावाचा जो जिन्नस असतो, तो शिवण्यासाठी नसून पुढं सरकवण्यासाठी असतो, हे अख्ख्या मराठवाड्याला ठाऊक आहे. तो उमरग्याहून निघतो, तुळजापूर, कळंब, भूम अशी तीन लग्नं करतो आणि एखाद्या बारशात मूळ मालकिणीकडे परत येतो. काकूंच्या हाती लागला की मात्र त्याची फेरी संपते. त्या त्याला मधल्या थरात घालतात, वरून टाका मारतात आणि म्हणतात, ‘झालं ह्याचं कल्याण.’

निवडणुकीच्या वर्षी काकूंचा हंगाम तेजीत असतो. प्रचार संपला की गळ्यातली उपरणी, गाडीवरचे झेंडे, कमानीचं कापड हे सगळं बेवारस होतं. काकू पक्ष बघत नाहीत, पोत बघतात. त्यांच्या एका वाकळेच्या पोटात एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे रंग वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि त्यावर घरातली म्हातारी माणसं गाढ झोपतात. कापडाऐवजी फ्लेक्स आल्यापासून मात्र काकूंचा लोकशाहीवरचा विश्वास थोडा उडाला आहे.

हा पसारा मावायचा कुठं, या प्रश्नाला या जिल्ह्यात एक इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या लोहारा-उमरगा भागातली गावं भुईसपाट झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरची माती निजलेल्या माणसांवर आली. त्या रात्रीवर काकू विनोद करत नाहीत, आपणही करू नये. त्यानंतर लोक कित्येक दिवस उघड्यावर निजले, आणि तेव्हा अंगाखाली नि अंगावर काय होतं हे काकूंना नेमकं आठवतं. त्या बोलतात ते मागून मिळालेल्या घराबद्दल. पुनर्वसनात घरं बांधून मिळाली ती २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. जमीन किती त्यावर घराचं माप ठरलं. ‘चिंध्या किती, हे कुणी इचारलंच न्हाई,’ ही काकूंची शासनाकडे प्रलंबित असलेली तक्रार.

जुन्या घरात बळद होतं, कोनाडे होते, उतरंड होती, तुळईला टांगलेली वाकळांची दांडी होती. चिंध्यांची गाठोडी तिथं कुणाच्या नजरेत न येता संसार करायची. नव्या घराच्या सरळ भिंतींना लपवाछपवी जमत नाही. मग गाठोडी कॉटखाली गेली, दिवाणाच्या पोटात गेली, टीव्हीच्या मागं गेली. एक गाठोडं उशी म्हणून वावरतं. सोफ्याची एक गादी जरा जास्तच टणक लागते, तिच्या चौकशीच्या भानगडीत पाहुण्यानं पडू नये.

या घरात सून येते तेव्हा नाटकाचा दुसरा अंक सुरू होतो. सून शिकलेली, नीटनेटकी, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला झाकण असावं या मताची. तिनं एकदा जुन्या साड्या बोहारणीला घालून स्टीलचा मोठा डबा घेतला. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या डब्यात कातरण भरलेलं सापडलं. ‘झाकणाचा हाय मनून ठिवलं, तूच म्हणतीस न्हवं झाकण पाहिजे?’ यावर सुनेजवळ उत्तर नव्हतं. घंटागाडीत एक गाठोडं टाकून बघितलं, तर घंटागाडीवालाच ते संध्याकाळी परत घेऊन आला. ‘काकूचं दिसलं, चुकून आलं आसंल,’ म्हणाला. शेवटी सुनेनं कायदा केला. ‘आत्याबाई, घरात तीनच गाठोडी राहतील. चौथं दिसलं की जाळीन.’ काकूंनी मोठ्या मनानं मान्य केलं. आजही घरात तीनच गाठोडी आहेत. फक्त त्यातलं एक आता दारातून बाहेर निघत नाही.

‘शिवून टाका की सगळं एकदाच, म्हणजे संपेल,’ असं मुलगा म्हणतो. त्याला या धंद्याचं गणित माहीत नाही. एक वाकळ शिवायला काढली की वरच्या बाजूला शोभेसं कापड कमी पडतं. ते मिळवायला काकू गल्लीत फिरतात. गल्ली हौसेनं सगळं कपाट रिकामं करते. वाकळ पुरी होते आणि गाठोडं आधीपेक्षा फुगलेलं असतं. कुठल्याही अर्थमंत्र्यानं याचा अभ्यास करावा. तुटीवर तूट भरत जाऊनही इथली तिजोरी वाढतच राहते.

वर्षातून एकदा मात्र सासू-सुनेचं एकमत होतं, ते दसरा काढताना. घटस्थापनेआधी घर झाडून-सारवून, रंगवून, झाडून सगळी अंथरुणं धुवायची. तालुक्यातल्या विहिरी, ओढे, माकणीच्या धरणाची कड, जिथं पाणी असेल तिथं वाकळांच्या चळती पोचतात. ओली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलट्या दिशांना पिळायची. वर्षभर दोघी उलट्या दिशांना ओढतातच, त्याचं चीज या एका दिवशी होतं.

नेमक्या याच दिवसांत तुळजापूरची भवानी निजलेली असते. भाद्रपद वद्य अष्टमीला मूर्ती सिंहासनावरून पलंगावर निजवतात, ती अमावस्येपर्यंत. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पुन्हा पौर्णिमेपर्यंत निद्रा. निद्रेआधी देवीच्या गाद्यांतला कापूस काढून साफ करतात आणि पुन्हा भरतात. हा विधी काकूंनी बरोबर ध्यानात ठेवला आहे. ‘आई भवानी जुना कापूस फेकून देत न्हाई, साफ करून परत भरती. आन् तू मोठी आलीस टाकणारी?’ या दिवसांत तुळजापुरात कितीतरी घरं गादी-पलंगावर निजत नाहीत. ‘गादी चालत न्हाई, वाकळ चालती,’ हा पोटनियम काकूंचा स्वतःचा असावा, पण त्यांच्यासमोर धर्मशास्त्र काढायची कुणाची टाप नाही. येरमाळ्याच्या येडाईच्या चैत्री यात्रेत लाखो माणसं भर उन्हात चुन्याचे खडे वेचतात, त्याचाही दाखला त्या देतात. वेचणं हा या मातीचा धर्मच आहे, आपण त्यात कापडखात्याकडे आहोत, इतकंच.

नातू त्यांना एकदा तेरला घेऊन गेला. गोरोबाकाकांचं दर्शन झालं, मग लामतुरे संग्रहालय. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथून सुती कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं, असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात, पेरिप्लसमध्ये नोंदवलेलं आहे. नातवानं हे सगळं सांगितलं. काकूंनी काचेतली खापरं, मातीच्या बाहुल्या, मणी बारकाईनं बघितले आणि विचारलं, ‘कापड कुठाय?’ कापड टिकत नाही, मातीत कुजतं, असं त्यानं समजावलं. काकू बाहेर येईपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘फुटक्या गाडग्याला सरकारनं काचंचं कपाट केलंय, वर कुलूप लावलंय, राखणीला माणूस ठिवलाय. आन् माझी धडकी चिंधी तेवढी कचरा व्हय?’

पुण्यात नोकरीला असलेल्या थोरल्या नातवानं मोबाईलवर आणखी एक प्रकरण दाखवलं. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या तुकड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. २००६ साली तिथल्या टपालखात्यानं त्यांची तिकिटं काढली. काकूंनी चष्मा लावला, फोटो बोटांनी ताणून मोठा केला. ‘बायका आपल्यासारख्याच हायेत. टाका जरा लांब हाय. पर टांगल्यात कशाला भिंतीला? मग निजतेत कशावर?’

या प्रकरणानं सुनेचा मात्र निर्धार वाढला. परदेशात किंमत आहे म्हणजे इथंही येईल, तोवर निदान घर स्वच्छ असावं, म्हणून गेल्या दसऱ्याला तिनं स्वतः मोहीम काढली. तिन्ही गाठोडी अंगणात आणली, दारातून न निघणारं आतच उलगडून. दिवाण उपसला, कॉट उचलली. स्वयंपाकघराच्या फळीमागून काही वेगळाच ऐवज बाहेर पडायला लागला. श्रीखंडाचे रिकामे डबे, आइस्क्रीमचे, बिर्याणीचे, मिठाईचे खोके, सात मोबाईलची सात खोकी, कुरिअरच्या पिशव्या, त्या पिशव्यांच्या आत पिशव्या आणि अठ्ठावीस झाकणं, ज्यांचे डबे कुठं आहेत हे देवीलाच ठाऊक. अंगणात दोन ढीग झाले. उंचीनं सारखेच.

सून म्हणाली, ‘लागतात ओ आत्याबाई, कधीतरी उपयोगाला येतात.’

काकूंनी सुई केसांत खोवली, दोन्ही ढिगांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘येतेत की. म्या कुठं न्हाई म्हणलालेय? फकस्त माझं निदान शिवता तरी येतंय गं.’